शिडीवर चढलेला हप्ता

प्रश्न : आम्ही पती-पत्नी शिकागोच्या पश्चिम उपनगरात सहा वर्षांपासून सफाईचा व्यवसाय चालवतो. संध्याकाळनंतर कार्यालये आणि दातांचे दवाखाने, दिवसा चौदा घरे, असे कामाचे स्वरूप आहे. पगारावर अकरा माणसे आहेत. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी १ मार्चला सुरू होते. पहिल्यापासून ९०१४ हा सफाई ठेकेदारांचा कोड आणि शंभर डॉलर पगारामागे ४ डॉलर दर होता. मागच्या १ ऑक्टोबरपासून एका तीन मजली इमारतीचे काम मिळाले. त्यात बाहेरच्या खिडक्या धुणेही होते. थंडी पडण्याआधी आमच्याकडे कामाला असलेल्या दोन मुलांनी शिडी लावून दोनदा, दर वेळी दोन-दोन दिवस, त्या धुतल्या. एजंटला हे फोनवर सांगितले होते. पॉलिसी संपल्यावर विमा कंपनीचे ऑडिट, म्हणजे वर्षभराच्या प्रत्यक्ष पगाराची आणि कामाची तपासणी, झाले आणि १३,८१२ डॉलरचे जादा बिल आले. ऑडिटरने सर्व कामगारांचा वर्षाचा २,९०,००० डॉलर पगार ९१७० या, वरच्या खिडक्यांसह सफाईच्या, कोडमध्ये, ७ डॉलर दराने, धरला आहे. गर्दीच्या वेळी बोलावतो त्या दोन बायकांना आम्ही १०९९ (पगारी कामगार नव्हे, स्वतंत्र ठेकेदार म्हणून पैसे दिल्याचा कराचा फॉर्म) देतो. त्यांना दिलेल्या ४२,००० डॉलरपैकी ३७,८०० डॉलर त्याच दराने धरले आहेत. माझ्या जाऊबाई आमचे हिशेब आणि फोन सांभाळतात. त्यांचा ३६,००० डॉलर पगार ८८१० या कारकुनी कोडमधून काढून तोही ९१७० मध्ये घातला आहे. त्या कधीमधी माणूस कमी पडला तर मॉप मारायला जातात, हे खरे. न्यू जर्सीतले दीर म्हणतात की त्यांच्या बिलावर असले काही नसते. आमचे हे म्हणतात की भरून टाकू आणि मोकळे होऊ. मला ते पटत नाही. आम्ही काय करावे? – एक वाचक, इलिनॉय

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही पत्रासोबत बिलाचे आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे माझे निम्मे काम झाले. आधी थोडक्यात सांगतो : बिल पूर्ण चुकीचे नाही, पण आहे तसे भरण्याजोगेही नाही. त्यातला काही भाग तुम्हाला द्यावाच लागेल, काही भागावर तुम्ही ठामपणे हरकत घेऊ शकता, आणि एका भागात तुमच्याच कागदपत्रांनी तुम्हाला अडचणीत आणले आहे. मी स्वतः बरीच वर्षे विमा कंपन्यांसाठी अशी ऑडिटे केली आहेत, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस काय पाहतो तेही सांगत जाईन.

आपल्याकडून आलेल्या व्यावसायिकांचा या विषयात जो पहिला गोंधळ उडतो, तो समजण्यासारखा आहे. पुण्यात किंवा ठाण्यात हाउसकीपिंगचा ठेका चालवणाऱ्याला ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, सवय असते, आणि तिथे जुलै २०१९ पासून मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, एवढाच हिशेब असतो. माणूस फरशी पुसतो की काच, जमिनीवर उभा असतो की शिडीवर, याच्याशी त्या टक्क्यांचा संबंध नसतो. अमेरिकेत नेमका तोच संबंध सगळ्यात महत्त्वाचा आहे. इथे हप्ता पगारावरच लागतो, पण दर ठरतो तो कामाच्या धोक्यावरून, आणि तो धोका एका चार आकडी कोडमध्ये बांधलेला असतो. कारकुनाच्या कोडला शंभर डॉलर पगारामागे काही सेंट आणि छपरावर चढणाऱ्याच्या कोडला अनेक डॉलर, एवढी तफावत एकाच पॉलिसीच्या पानावर दिसू शकते.

इलिनॉयसह बहुतेक राज्यांत हे कोड एनसीसीआय (नॅशनल कौन्सिल ऑन कॉम्पेन्सेशन इन्शुरन्स) या संस्थेच्या नियमपुस्तकातून येतात. तिचे मुख्यालय फ्लोरिडातल्या बोका रटोन इथे आहे. तुमचे दीर म्हणतात तेही खोटे नाही, फक्त ते तुमच्या उपयोगाचे नाही : न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांचे स्वतःचे वेगळे मंडळ असते आणि त्यांचे कोड, त्यांच्या व्याख्या आणि त्यांचे अपवाद वेगळे असतात. कॅलिफोर्नियात सफाई ठेकेदाराचा कोड ९००८ आहे. ओहायो आणि वॉशिंग्टनमध्ये तर खासगी कंपनीकडून हा विमा घेताच येत नाही, तो राज्याच्या निधीतूनच घ्यावा लागतो. म्हणून नातेवाइकाचे बिल शेजारी ठेवून आपले तपासू नये. एका राज्यातल्या नियमाचा दाखला दुसऱ्या राज्याच्या ऑडिटरला दिला, की पुढच्या खऱ्या मुद्द्याकडेही तो कमी लक्ष देतो, हा माझा अनुभव आहे.

आता कोडकडे येऊ. एनसीसीआयचा मूळ नियम असा की वर्गीकरण कामगाराच्या हुद्द्याचे होत नाही, त्या राज्यातल्या तुमच्या एकूण व्यवसायाचे होते. तुमचा व्यवसाय म्हणजे दुसऱ्याच्या इमारतींची सफाई ठेक्याने करणे. म्हणून तुम्ही ९०१४ मध्ये आलात, आणि सामानाची व्हॅन चालवणारा माणूसही त्याच कोडमध्ये आला. इमारतीच्या मालकाने स्वतःच्या पगारावर सफाईवाले ठेवले असते, तर तेच झाडू आणि तोच मॉप असूनही कोड ९०१५ झाला असता. घरांच्या आतली सफाई ठेक्याने करणाऱ्यांसाठी आणखी वेगळा कोड आहे, ०९१७. तुमच्याकडे चौदा घरे आहेत आणि ती सहा वर्षे ९०१४ मध्येच चालली आहेत. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी घरांची मजुरी वेगळी काढून एजंटला दोन्ही दर विचारा. तो दर कमीच असेल असे गृहीत धरू नका, कारण प्रत्येक कंपनीचे दर वेगळे असतात. पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

तुमचा खरा वाद ९०१४ आणि ९१७० यांच्यातला आहे. दोन्ही कोड सफाई ठेकेदारांचेच आहेत. फरक त्यांच्या नावातच लिहिलेला आहे : पहिल्यात जमिनीच्या पातळीपेक्षा वरच्या खिडक्या धुणे नाही, दुसऱ्यात ते आहे. हे दोन शब्द किरकोळ वाटतात, पण हप्ता ठरवणाऱ्याच्या दृष्टीने सफाईच्या धंद्यातली मोठी सीमारेषा तीच आहे. फरशीवर पाय घसरलेल्या माणसाचे मनगट मोडते किंवा पाठ धरते. शिडीवरून दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडलेल्या माणसाचा दावा मात्र अनेकदा वर्षानुवर्षे चालतो. शस्त्रक्रिया, बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व, सगळे त्यात येते. तुमच्या मुलांनी खिडक्या चार दिवसच धुतल्या, हे खरे. पण पडायला एक दिवस पुरतो, आणि विमा कंपनीने त्या चार दिवसांची जोखीम न कळत घेतलेली होती.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण ऑडिटर नेमका कशावरून निष्कर्ष काढतो ते त्यातून दिसेल. एका सफाई व्यावसायिकाच्या घरी मी ऑडिटला गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म ९४१ (पगारावरच्या करांचे तिमाही विवरणपत्र), राज्याची बेरोजगारी विम्याची तिमाही पत्रके, चेकचे रजिस्टर, सगळे व्यवस्थित मांडून ठेवलेले होते. खिडक्या धुता का, असे विचारले तर गृहस्थांनी नाही म्हणून सांगितले. मग ग्राहकांना पाठवलेल्या बिलांची फाइल चाळताना एका बिलावर ओळ सापडली : बाहेरच्या खिडक्या, तिन्ही मजले, ४५० डॉलर. त्याच महिन्याच्या चेक रजिस्टरमध्ये हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेल्या चोवीस फुटी शिडीची रक्कम होती. त्या गृहस्थांना खोटे बोलायचे नव्हते. ते काम त्यांच्या मते एवढे थोडे होते की ते सांगण्यासारखे त्यांना वाटलेच नाही. माझ्या अहवालात मात्र दोन्ही ओळी गेल्या. पगाराचे रजिस्टर किती पैसे दिले ते सांगते. काम काय केले ते बिले आणि करार सांगतात, आणि ऑडिटर दोन्ही शेजारी ठेवून वाचतो. तुमच्या बाबतीत तर करारातच खिडक्या लिहिलेल्या आहेत. तेव्हा ९१७० तुमच्या पॉलिसीवर यायलाच नको होता, हा युक्तिवाद सोडून द्या. त्यात वेळ जाईल आणि तुमच्या बाकीच्या हरकतींचे वजनही कमी होईल.

लढायचे आहे ते दुसऱ्या दोन गोष्टींवर : ९१७० कधीपासून लागू करायचा, आणि कुठल्या पगाराला.

तारखेचा मुद्दा भक्कम आहे. व्यवसायाच्या कामातच खरा बदल झाला असेल, तर त्यामुळे होणारा कोडचा बदल बदलाच्या तारखेपासून, त्या दिवसानंतरच्या पगाराला, लागू व्हायला हवा. तुमचे खिडक्यांचे काम १ ऑक्टोबरला सुरू झाले. मार्च ते सप्टेंबर तुम्ही जमिनीवरच होता, आणि ते सिद्ध करायला त्या महिन्यांचे करार आणि बिले तुमच्याकडे असणारच. तुमच्या आकड्यांनुसार त्या सात महिन्यांचा पगार १,६५,००० आहे आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा १,२५,०००. ऑडिटरने पूर्ण २,९०,००० ला तीन डॉलरचा फरक लावून ८,७०० डॉलर काढले. फक्त ऑक्टोबरपासून लावला तर ३,७५० होतात. जवळजवळ पाच हजारांचा हा फरक एका तारखेचा आहे, आणि ती तारीख करारावर छापलेली आहे.

याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर शोधाल तर तुम्हाला आणखी एक नियम सापडेल आणि तो वाचून आनंद होईल. एनसीसीआयच्या नियमांत असे आहे की विमा कंपनीनेच मूळ वर्गीकरण चुकवले असेल आणि ते दुरुस्त केल्याने हप्ता वाढत असेल, तर ती दुरुस्ती पॉलिसीच्या पहिल्या १२० दिवसांत झाली तरच ती सुरुवातीपासून लागू होते. त्यानंतर पण शेवटच्या ९० दिवसांच्या आधी झाली तर चूक लक्षात आल्याच्या तारखेपासून. आणि शेवटच्या ९० दिवसांत झाली तर पुढच्या पॉलिसीपासूनच. हप्ता कमी करणारी दुरुस्ती मात्र सुरुवातीपासून लागू होते. नियम खरा आहे, राज्यागणिक त्याला अपवाद आहेत, पण तो तुमच्या खिडक्यांना लागू नाही, कारण तिथे जुन्या वर्गीकरणात चूक नव्हती; काम बदलले. शिवाय विमाधारकाने माहिती चुकीची दिली किंवा दडवली असेल तर हा नियम त्याच्या मदतीला येत नाही, म्हणून तो पुढे करताना दोनदा विचार करावा. एजंटला फोनवर सांगितले, हे तुमचे वाक्य मला खरे वाटते, पण फोनचा कागद नसतो. फोन केलेल्या दिवसाच्या आसपास त्याला पाठवलेला एखादा मेसेज, करार जोडलेली मेल, अगदी नव्या इमारतीच्या मालकाला विम्याचे सर्टिफिकेट पाठवा अशी विनंती सापडते का पाहा. नव्या इमारतीच्या मालकाने तुमच्याकडे सर्टिफिकेट मागितले असणारच, आणि ते एजंटनेच काढून दिले असणार. त्या विनंतीवर तारीख असते, इमारतीचा पत्ता असतो, कधी कधी कामाचे वर्णनही असते.

दुसरा मुद्दा, कुठल्या पगाराला, हा अधिक नाजूक आहे. तुमच्या मनातला हिशेब मला दिसतो : दोन मुले, दोन दिवस, दोनदा, म्हणजे ६४ तास, तासाला २० डॉलर धरले तर १,२८० डॉलर मजुरी, तीन डॉलरच्या फरकाने ३८ डॉलर ४० सेंट. इतक्यावर निभावेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. एक तर ९१७० हा निव्वळ खिडक्यांचा कोड नाही. खिडक्यांसह सफाई, असे त्याचे नाव आहे, तेव्हा त्या इमारतीत मॉप आणि काच वेगळी काढा हे म्हणणे कोडच्या भाषेतच बसत नाही. दुसरे, जिथे एका माणसाचा पगार दोन कोडमध्ये विभागण्याची नियमात मुभा आहे, तिथेही ती मुभा प्रत्यक्ष तासांच्या नोंदी असतील तरच मिळते. अंदाज किंवा टक्केवारी चालत नाही. नोंद नसेल तर त्या माणसाचा पगार त्याने केलेल्या कामांपैकी सर्वांत महागड्या कोडमध्ये जातो.

पण बाकीच्या जागांचे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि तो लेखी विचारा. दातांच्या दवाखान्यात रात्री कचरा काढणारी बाई त्या इमारतीकडे कधी फिरकली नाही. तिचे काम, तिची जागा आणि तिची टाइमशीट वेगळी आहे. तिचा पगार ९१७० मध्ये कुठल्या नियमाच्या आधारे गेला, ते विमा कंपनीच्या ऑडिट विभागाने नियमाच्या क्रमांकासह कळवावे, अशी विनंती करा. त्या तीन मजली इमारतीवर पाच महिन्यांत एकूण किती मजुरी गेली ते तुमच्या टाइमशीटवरून काढा. ती रक्कम ३०,००० डॉलर असेल असे समजू. मग खिडक्यांचा जादा आकार ८,७०० ऐवजी ९०० वर येतो. हे मिळेलच असे मी म्हणत नाही. ऑक्टोबरची तारीख मिळायला हवी, आणि हे मागायला हवे, असे माझे मत आहे.

१०९९ वाल्या दोन बायकांबद्दल तुम्हाला कदाचित आवडणार नाही असे लिहावे लागत आहे. ज्याच्याकडे स्वतःचा कामगार नुकसानभरपाईचा विमा नाही अशा उपठेकेदाराला दिलेले पैसे मुख्य ठेकेदाराच्या हप्त्यात धरले जातात, कारण तो माणूस तुमच्या कामावर पडला तर दावा अखेर तुमच्या विमा कंपनीच्या दारात येऊ शकतो. त्याच्या पगाराची स्वतंत्र नोंद नसेल आणि काम केवळ मजुरीचे असेल, तर दिलेल्या रकमेच्या किमान ९० टक्के पगार म्हणून धरायची पद्धत नियमातच आहे. ४२,००० चे ३७,८०० तिथून आले. त्या दोघी तुमचाच मॉप, तुमचीच सफाईची औषधे वापरून, तुम्ही सांगाल त्या वेळी येत असतील, तर त्या १०९९ च्या नव्हेत, पगारावरच्याच कामगार आहेत, आणि हा प्रश्न विम्यापुरता न राहता करखात्यापर्यंत जातो. तेव्हा त्याकडे तुमच्या सीपीएचे, म्हणजे सनदी लेखापालाचे, लक्ष वेधा. बिलापुरते बोलायचे तर त्यांनी खिडक्यांना हात लावलेला नाही, म्हणून त्यांची रक्कम ७ च्या नव्हे तर ४ च्या दराने धरावी, ही मागणी योग्य आहे : २,६४६ ऐवजी १,५१२. त्यांच्यापैकी एखादीकडे त्या काळात स्वतःची पॉलिसी होती असे निघाले, तर तिचे सर्टिफिकेट आत्ता मागवले तरी चालते. फक्त त्यावरच्या तारखा तिने तुमच्याकडे केलेल्या कामाच्या तारखांना झाकणाऱ्या हव्यात, आणि ते केवळ जनरल लायबिलिटीचे, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीच्या विम्याचे, असून भागत नाही. मी पाहिलेल्या सर्टिफिकेटांपैकी कित्येकांत कामगार विम्याची ओळ कोरीच असे, आणि ठेकेदाराने ते वर्षभर निश्चिंतपणे फाइलमध्ये ठेवलेले असे.

जाऊबाईंचा मुद्दा घरातला आहे, म्हणून तो जपून मांडतो. ८८१० हा कोड स्वस्त आहे कारण त्याची व्याख्या कडक आहे : काम फक्त कार्यालयीन, आणि बसण्याची जागा प्रत्यक्ष कामाच्या जागेपासून भिंतीने किंवा तशाच अडसराने वेगळी. ज्या माणसाला नियमित दुसरे काम करावे लागते, तो कारकून उरत नाही. आणि ज्या विभागणीबद्दल वर लिहिले, ती या कोडला मिळत नाही. सकाळी हिशेब आणि रात्री मॉप, असा एकाच माणसाचा पगार ८८१० आणि सफाई यांत वाटता येत नाही, तास कितीही नीट लिहिले तरी. तुमच्या टाइमशीटवर त्यांचे नाव महिन्यातून किती वेळा दिसते ते मला ठाऊक नाही. दोन-तीनदाच असेल आणि ती अडीअडचणीची मदत असेल, तर तसे लेखी सांगून पाहा. दर आठवड्याला असेल तर हरकत घेऊ नका. पण त्यांनाही शिडीशी काही देणेघेणे नव्हते, म्हणून ९१७० ऐवजी ९०१४ मागा. मग ८८१० खाली आधी धरलेला हप्ता वजा जाता जादा २,४६६ चे १,३८६ होतात. यजमानांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो : ग्राहकांकडे जाऊन दर ठरवतात म्हणून त्यांना बाहेर फिरणाऱ्या विक्रेत्याच्या ८७४२ कोडमध्ये घालण्याचा मोह काही एजंटांना होतो. ते कामावर देखरेखही करत असतील तर ते तिथे बसत नाहीत. मालक म्हणून पॉलिसीतून वगळून घेण्याची सोय तुमच्या व्यवसायाच्या नोंदणीच्या प्रकारावर अवलंबून आहे. ती एजंटकडून समजून घ्या, पण स्वतः शिडीवर चढणाऱ्या मालकाने ती घेऊ नये असे मला वाटते.

ऑडिटच्या तपशिलात आणखी एक ओळ शोधा. ओव्हरटाइमला दीडपट मजुरी दिली असेल, तर वरची अर्धी मजुरी हप्त्यासाठी धरायची नसते. म्हणजे ओव्हरटाइमपोटी दिलेल्या एकूण रकमेचा एक तृतीयांश भाग वजा होतो, अट एवढीच की तो पगाराच्या नोंदींत वेगळा दिसला पाहिजे. तुमच्याकडे नऊ हजार डॉलर ओव्हरटाइम गेला असेल तर तीन हजार पगार कमी होईल. रक्कम मोठी नाही, पण ऑडिटर हे आपणहून करतोच असे नाही, आणि घाईत असलेला तर नाहीच.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर बिल सर्वांत चांगल्या परिस्थितीत चार हजारांच्या आत येते : खिडक्यांचे ९००, दोघींचे १,५१२, जाऊबाईंचे १,३८६, मिळून ३,७९८. फक्त तारखेचा मुद्दा मान्य झाला आणि ऑक्टोबरनंतरचे सगळेच ९१७० मध्ये राहिले, तर सुमारे साडेसात हजार. १३,८१२ भरून मोकळे होऊ म्हणणाऱ्या यजमानांना हे दोन आकडे दाखवा. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची आहे : काहीच न भरता भांडत बसू नये. हप्ता थकला म्हणून कंपनीने चालू पॉलिसी रद्द केली, तर इलिनॉयमध्ये विम्याशिवाय धंदा चालवल्याचा दंड दिवसाला ५०० डॉलरपर्यंत आणि किमान १०,००० डॉलर आहे, आणि इथे एक कामगार असला तरी विमा सक्तीचा आहे. म्हणून तुम्हाला मान्य असलेली रक्कम, माझ्या मते साधारण ३,८००, हिशेबासह भरून टाका, आणि उरलेल्या रकमेवर हरकत असल्याचे पत्र बिलावर दिलेल्या मुदतीच्या आत ऑडिट विभागाला पाठवा. पत्रासोबत ऑडिटरच्या कार्यपत्रकाची प्रत मागा; ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि बऱ्याचदा चूक तिथेच उघडी पडलेली दिसते. एजंटला त्या पत्राची प्रत द्या, पण पत्र त्याच्यावर सोपवू नका. कंपनीचे उत्तर समाधानकारक नसेल तर पुढची पायरी एनसीसीआयच्या वादनिवारण प्रक्रियेची आहे, आणि राज्याच्या विमा खात्याकडेही तक्रार करता येते. दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच असतो की कंपनीशी तुम्ही लेखी काय बोललात.

आता पुढच्या वर्षाचे. ती इमारत सोडू नका, पण तिच्या खिडक्या सोडा. वर्षातून चार-पाच दिवसांच्या कामासाठी अकरा माणसांच्या पगाराचा कोड धोक्यात घालणे परवडणारे नाही. खिडक्या धुणारी एखादी स्वतंत्र विमाधारक कंपनी उपठेक्यावर नेमा, काम सुरू होण्यापूर्वी तिचे कामगार विम्याचे सर्टिफिकेट थेट तिच्या एजंटकडून मागवा, आणि तुमच्या ग्राहकाला जाणाऱ्या बिलात ती रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा. ते जमत नसेल आणि खिडक्या तुम्हीच धुणार असाल, तर इमारतीचा भाव ७ डॉलरच्या दराने पुन्हा काढा. आत्ताचा भाव तुम्ही ४ च्या दरावर दिलेला आहे. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशने वरच्या काचा धुणे कुठल्या बाजूला पडते, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात. ब्रश विकत घेण्याआधी तो विमा कंपनीलाच लेखी विचारा, आणि आलेले उत्तर पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवा.

टाइमशीटमध्ये एक बदल आजच करा. सध्या तुमच्याकडे जागा आणि कामाचा प्रकार दर वेळी लिहिला जात नसावा, असे आकड्यांवरून दिसते. त्यात जागेचा एक रकाना आणि कामाच्या प्रकाराचा एक रकाना वाढवा : कार्यालय, घर, किंवा खिडकी, असे एक अक्षर लिहिले तरी पुरते. माणसाने ते त्याच रात्री लिहिले पाहिजे. महिनाअखेरीला एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात भरलेली टाइमशीट ऑडिटरला पहिल्या नजरेत ओळखू येते. आणि जाऊबाईंचे नाव त्या रकान्यांत यापुढे कुठेच दिसणार नसेल, तरच नूतनीकरणाच्या अर्जात त्यांच्यापुढे ८८१० लिहा.